गावातल्या स्लॅबवर सेंटीमीटरचा बेस: आरटीके बेस स्टेशन उभारायची सविस्तर रीत

आपल्याकडं आता ट्रॅक्टरला ऑटोस्टिअर बसवलेली, ड्रोननं फवारणी करणारी, शेततळ्याची नाहीतर ठिबकच्या मेन लाईनची लेव्हल काढून देणारी पोरं गावोगाव दिसायलेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतोय की दुसऱ्याच्या करेक्शनवर, म्हणजे जीपीएसची चूक काढून टाकणाऱ्या डेटावर, किती दिवस काढायचे, आणि ते करेक्शन देणारा स्वतःचा बेस, म्हणजे जागेवर पक्का बसवलेला रिसीव्हर, टाकायला काय लागतं. उत्तर असंय की सामान आता आवाक्यात आलंय, मजुरी धरून लाखाच्या आत बसतं. पण मी बघितलेल्या बऱ्याच बेसवर पैसा रिसीव्हरवर गेलेला असतोय आणि खांब असतोय कुठंतरी तारेनं बांधलेला, कोऑर्डिनेट, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची, असतंय मशीननं आपोआप पकडलेलं. बेसला दोनच गोष्टींची किंमत आहे, तो हलायला नको आणि तो नेमका कुठंय हे त्याला पक्कं माहीत पाहिजे. म्हणून या लेखात खांब आणि कोऑर्डिनेट यावर जास्त लिहिलंय, बाकीचं पटपट सांगतो.

थोडक्यात काम कसं चालतं

साध्या मोबाईलचं जीपीएस मोकळ्या रानातसुद्धा तीन ते पाच मीटर इकडंतिकडं दाखवतं. कारण उपग्रहाच्या घड्याळात, कक्षेत थोडी चूक असते आणि सिग्नल खाली येताना आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात आणि हवेत रेंगाळतो. आता पाच-दहा किलोमीटरच्या आत दोन रिसीव्हर असले तर दोघांनाही ही चूक जवळजवळ सारखीच लागते. त्यातला एक जागेवर पक्का बसवला, त्याला त्याची जागा सांगितली, आणि त्याला दिसणारं सगळं त्यानं दर सेकंदाला दुसऱ्याला पाठवलं, की दुसरा म्हणजे रोव्हर ती सामाईक चूक वजा करून टाकतो. वर कॅरिअर लहरी मोजायच्या, एल१ या जीपीएसच्या मुख्य फ्रिक्वेन्सीची लहर साधारण १९ सेंटीमीटरची असते, अशा पूर्ण लहरी किती हे एकदा सुटलं की 'फिक्स' मिळतो आणि अचूकता एक-दोन सेंटीमीटरवर येते, यालाच आरटीके म्हणतात. नाही सुटलं तर 'फ्लोट', म्हणजे अर्धा मीटर नाहीतर त्याच्या आसपास, आणि त्यावर पेरणीची लाईन धरायची नसते.

अंतराचा हिशोब सोपाय. या रिसीव्हरांच्या कागदावर १ सेंटीमीटर अधिक १ पीपीएम असं लिहिलेलं असतं, म्हणजे बेसपासून दर १० किलोमीटरला आणखी १ सेंटीमीटर धरायचा. सेलूला बेस असला तर मानवत वीसेक किलोमीटरवर आरामात बसतं, परभणी शहर सरळ रेषेत चाळीसच्या घरात जातं, तिथं फिक्स मिळेलही पण भरवसा धरू नये.

आधी हे ठरवा

सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्स नेटवर्क, म्हणजे कायम चालू असणाऱ्या बेसांचं जाळं, आता आहे, नोंदणी करून इंटरनेटवर करेक्शन मिळतं. महिन्यातून एखादं दुसरं काम असेल तर तेच वापरा, बेसच्या मागं लागू नका. स्वतःचा बेस परवडतो तो रोजचं काम असणाऱ्याला, गटशेती किंवा शेतकरी कंपनीला जिथं दोन-चार ट्रॅक्टर आणि ड्रोन एकाच करेक्शनवर चालणारेत, नाहीतर जिथं रानात नेट पोचत नाही आणि रेडिओनंच करेक्शन द्यावं लागतं तिथं.

एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो. तुमचा बेस कितीबी अचूक असला तरी त्यावरून काढलेली बांधाची हद्द कायद्यात चालत नाही. हद्दीची मोजणी भूमी अभिलेखचीच. गावात बेस बसला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणतं, "दादा, एवढा आमचा बांध बघून द्या की." त्याला प्रेमानं सांगा की मोजणीचा अर्ज भर. भावाभावातल्या भांडणात आपला खांब साक्षीदार करायचा नाही.

जागा

बेसला आभाळ लागतं. क्षितिजापासून १० ते १५ अंशांच्या वर चहूबाजूंनी मोकळं दिसलं पाहिजे. त्यातही आपण १७ ते २० अंश उत्तर अक्षांशात राहतो, जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशात कललेल्या, त्यामुळं आपल्याला उत्तरेकडं क्षितिजालगत उपग्रह कमी दिसतात आणि दक्षिणेकडं भरपूर. म्हणून लिंबाचं झाड नाहीतर शेजाऱ्याचा वरचा मजला टळतच नसेल तर तो उत्तरेला असूद्या, दक्षिण मात्र मोकळी ठेवा. नाविक आणि गगन या आपल्या भारतीय यंत्रणांचे स्थिर उपग्रहपण त्याच अंगाला असतात.

मग येतं मल्टिपाथ. सिग्नल सरळ न येता पत्र्यावर, सोलर पॅनलवर, भरलेल्या काळ्या टाकीवर आपटून येतो आणि रिसीव्हरला वाटतं तोच खरा. रोव्हर हलत असतो म्हणून त्याची ही चूक फिरत राहते, बेसची जागच्या जागी बसते आणि प्रत्येक रोव्हरला वाटली जाते. पत्र्याच्या शेडवर अँटेना लावू नका. टाकीपासून जमेल तितकं लांब. मोबाईल टॉवर शे-दोनशे मीटरच्या आत असला तर दुसरी जागा बघा.

घर कसलंय हे तर सगळ्यात आधी बघायचं. माळवदावर कधीच नाही, दरवर्षी वर माती पडते, सरं वाकतात, पावसाळ्यात अख्खं छत जड होऊन दबतं. आरसीसी स्लॅबचं घर घ्या, आणि त्याच्याही भिंतींना तिरक्या भेगा आहेत का ते निरखून बघा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाया मुरमापर्यंत नेलेला नसला की घर वर-खाली होतं. शाळा, सोसायटीचं गोडाऊन, कॉलमवर उभी असलेली जुनी पक्की इमारत, हे सगळ्यात चांगलं. घर बांधून दोन-तीन पावसाळे झालेले असले म्हणजे त्याचं बसणं बऱ्यापैकी संपलेलं असतं.

रानातच खांब रोवायचा असेल तर काळी माती पूर्ण काढून खाली मुरूम नाहीतर पाषाण लागेपर्यंत जा. आपल्याकडं सगळा दख्खनचा बेसॉल्ट आहे, कुठं दोन फुटावर लागतो, नदीकाठाला दहा-पंधरा फूट जावं लागतं. काँक्रीटचा खांब त्या पाषाणात धरवायचा आणि वरच्या काळ्या मातीच्या थरात त्याच्याभोवती पाईपचं कडं ठेवायचं, मधी मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी खांबाला ढकलत नाही. माती उथळ असेल तिथंच हे करा. खोल रेगड असेल तर गुमान एखाद्या स्लॅबवर जा.

खांब, यात कंजूषी नको

दोन इंची जीआय पाईप, जाड भिंतीचा, खाली आठ-दहा एमएमची बेसप्लेट वेल्ड केलेली, आणि ती प्लेट अँकर फास्टनरनं कॉलमच्या डोक्यावर. कठड्याच्या विटेत नाही, तो कठडा नुसत्या हातानं ढकलला तरी हलतो. कॉलम कुठंय ते खालच्या मजल्यावरून मोजून काढता येतं. फास्टनर मारायच्या आधी स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग तिथं फुटणार हे मालकाला सांगा आणि नंतर ते नीट भरून द्या, नाहीतर पहिल्या पावसात खाली गळती आणि तुमचा खांब निघालाच म्हणून समजा. उंची एवढीच की अँटेना कठड्याच्या वर हातभर राहील. उंच खांब दिसायला झकास दिसतो पण वाऱ्यात डोलतो आणि मे महिन्याच्या उन्हात एका अंगानं तापून वाकतो. पाईपात काँक्रीट भरून घेतलं तर दोन्ही कमी होतं.

वरच्या टोकाला अँटेनाचा बोल्ट लागतो. सर्व्हे अँटेनाच्या बुडाला ५/८ इंची आटे असतात, इंचाला ११. वेल्डिंगवाल्याला "सर्व्हे अँटेनाचा माउंट" म्हणलं तर तो गोंधळतो, हार्डवेअरच्या दुकानात "पाच सुती बोल्ट द्या, ११ आट्यांचा" म्हणा, लगेच काढून देतो. तो पाईपच्या वरच्या प्लेटच्या मधोमध उभा वेल्ड करायचा. इथं एक काळजी घ्या, वेल्ड करताना बोल्ट गरम होऊन तिरका होतो, म्हणून आधी चार टाके मारून वर अँटेना नाहीतर एखादा सपाट नट बसवायचा, त्यावर गोल बुडबुड्याची लेव्हल ठेवायची, बुडबुडा मधी आला की मगच पूर्ण वेल्ड. आट्यांवर वेल्डिंगचे थेंब उडू नयेत म्हणून ओलं फडकं गुंडाळून ठेवा. शेवटी बोल्टच्या खाली एक चेकनट टाकून अँटेना घट्ट करा आणि अँटेनावरची उत्तरेची खूण उत्तरेकडं करून मार्करनं पाईपवर रेघ ओढा. पुढं कधी अँटेना काढावी लागली तर त्याच रेघेवर परत बसली पाहिजे.

अँटेना, केबल

अँटेना कमीत कमी दोन फ्रिक्वेन्सीची, एल१ आणि एल२, जमलं तर एल५ सुद्धा. छोटी चौकोनी चुंबकवाली पॅच अँटेना ट्रॅक्टरवर ठीक आहे, बेसला सर्व्हेची गोल अँटेनाच घ्या. अगदीच पॅच वापरावी लागली तर खाली पंधराएक सेंटीमीटरची लोखंडी थाळी पाहिजेच.

केबल बारकी घेऊ नका. आरजी-५८ मध्ये या फ्रिक्वेन्सीला मीटरमागं पाऊण डेसिबलच्या आसपास सिग्नल जातो, एलएमआर-४०० मध्ये त्याच्या चौथाईपेक्षाही कमी. १५ मीटरच्या पुढं केबल जात असेल तर जाडच घ्या. टीव्ही डिशची आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी चालते, तिचं नुकसान कमी असतं आणि ती तालुक्याला कुठंही मिळते, फक्त कनेक्टर नीट क्रिंप केलेले पाहिजेत. बाहेरच्या जोडावर आधी रबराची सेल्फ-बाँडिंग टेप आणि वरून इन्सुलेशन टेप, खालून वर गुंडाळत जायची म्हणजे पाणी आत शिरत नाही. पूर्ण केबल कंड्युट पाईपातून न्या, वानरांना लोंबकळती केबल दिसली की ती ओढल्याशिवाय राहत नाहीत.

वीज आणि लाईट

दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहितो. आभाळातली वीज आधी. आपल्याकडं एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा जीव घेतात, आणि तुम्ही गावातल्या उंच जागी लोखंडाचा दांडा उभा करायलाय. खांबाला वेगळी अर्थिंग पाहिजे, तांब्याची पट्टी किंवा जाड जीआय पट्टी, कमीत कमी वळणं घेत सरळ खाली खड्ड्यात. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक होते आणि अर्थिंग लागतच नाही, तेव्हा त्या खड्ड्यात आठवड्याला पाणी सोडायचा नेम ठेवा. केबल घरात शिरते तिथं गॅस ट्यूबवाला सर्ज अरेस्टर, आणि तो डीसी पास करणारा आहे ना ते विचारून घ्या, कारण अँटेनाला वीज त्याच केबलमधून जाते, तसला नसला तर अँटेना मुकी होऊन बसते. थेट वीज पडली तर यातलं काही टिकत नाही हे खरंय. पण जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्यानं जे रिसीव्हर जातात त्यातले बरेच यानं वाचतात, घराचीबी सुरक्षितता राहते.

आता लाईट. रिसीव्हर, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि राऊटर मिळून पाच वॅटच्या आसपास खातात, म्हणजे दिवसाला १२० वॅट-तास. १२ व्होल्ट २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २४० वॅट-तासाची होते, म्हणजे दोन दिवस. वर ४०-५० वॅटचं पॅनल असलं तर सिंगल फेज कधी येतं याची वाट बघावी लागत नाही. पॅनल अँटेनाच्या खालच्या पातळीला आणि लांब ठेवा. सगळा डबा जिन्याच्या खोलीत, भिंतीला, सावलीत ठेवा. स्लॅबवर उघड्या डब्यात मे महिन्यात आतलं तापमान असं चढतं की रास्पबेरी पाय स्वतःच हळू पडतो.

रिसीव्हर

यू-ब्लॉक्स झेड-ई-डी एफ९पी आणि युनिकोअर यूएम९८० हे दोन सगळ्यात जास्त चालणारे. एफ९पी जुना, भरवशाचा, त्याच्यावर माहिती भरपूर. यूएम९८० मध्ये एल५ सकट जास्त फ्रिक्वेन्सी मिळतात आणि आपल्याकडं संध्याकाळच्या त्रासात त्याचा फायदा होतो, त्यावर पुढं लिहिलंय. नवीन घेत असाल तर मी यूएम९८० कडं झुकेन. रास्पबेरी पायवर आरटीकेबेस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्याला हे दोन्ही कळतात, ब्राउझरमधून सगळं सेट होतं, आणि रोजचा कच्चा डेटा स्वतः साठवून ठेवतं. हा साठवलेला डेटाच पुढच्या कामाचा जीव आहे.

कोऑर्डिनेट, इथं घाई करायची नाही

प्रत्येक रिसीव्हरमध्ये 'सर्व्हे-इन' नावाची सोय असते. पाच-दहा मिनिटं नाहीतर तासभर सरासरी काढून तो आपली जागा ठरवतो आणि करेक्शन सुरू करतो. बऱ्याच जणांचं काम इथंच संपतं. पण ही जागा मीटर-दीड मीटरनं चुकलेली असू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे लाईट जाऊन आली की तो परत सर्व्हे-इन करतो आणि दुसरीच जागा पकडतो. एका गावात मी बघितलंय, आदल्या हंगामात बीबीएफ यंत्रानं पाडलेले रुंद वरंबे होते, त्याच लाईनवर पुढची पेरणी करायची म्हणून ट्रॅक्टर लावला तर सगळ्या लाईनी शेजारच्या सरीत. ट्रॅक्टरवाला मशीनला दोष देत होता, रोव्हरवर फिक्स हिरवागार होता. रोव्हर बरोबरच सांगत होता, बेसच्या मानानं. बेसनंच आपली जागा बदलली होती.

म्हणून सर्व्हे-इन फक्त पहिल्या दिवशी चाचणीपुरता. खरी जागा अशी काढायची:

खांब बसवून काँक्रीट सुकू द्या. मग कच्चा डेटा सलग २४ तास नोंदवा, दोन-तीन दिवसांचा वेगवेगळा असला तर अजून चांगलं. आरटीकेबेसमधून किंवा आरटीकेलिब या सॉफ्टवेअरच्या कन्व्हर्टरनं त्याची रायनेक्स फाईल, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या प्रकारातली फाईल, करा, ३० सेकंदाला एक नोंद ठेवली तरी पुरते, फाईल हलकी होते. ती कॅनडा सरकारच्या नॅचरल रिसोर्सेस विभागाच्या सीएसआरएस-पीपीपी सेवेत, जी एकट्या रिसीव्हरच्या डेटावरून नेमकी जागा काढून देते, खातं काढून टाका. सेवा फुकट आहे आणि जगातल्या कुठल्याही जागेला चालते. मोड 'स्टॅटिक', आणि कोऑर्डिनेटची चौकट 'आयटीआरएफ', म्हणजे सगळ्या जगाची, निवडा, तिथं उत्तर अमेरिकेची दुसरी चौकटपण असते, ती आपल्या कामाची नाही. थोड्या वेळात ईमेलवर रिपोर्ट येतो. लगेच टाकलेल्या डेटाला उपग्रहांच्या घाईत काढलेल्या कक्षा वापरल्या जातात, तोच डेटा दोन-तीन आठवड्यांनी परत टाकला तर अंतिम कक्षांवर हिशोब होतो, आणि कायमचा आकडा त्याच रिपोर्टचा घ्यायचा. २४ तासांच्या चांगल्या डेटावर आडवी जागा एक-दोन सेंटीमीटरला येते, उंची थोडी ढिली. दोन-तीन दिवसांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा, ते एकमेकांशी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरात जुळले की जागा चांगली आहे, पाच-सहानं उड्या मारायलेत तर मल्टिपाथ नाहीतर हलणारा खांब, आधी तो शोधा.

अँटेनाचं मॉडेल विचारलं जातं. जागतिक यादीत तुमची अँटेना असेल तर नेमकं तेच नाव टाका आणि उंची बोल्टच्या टेकणीपासून शून्य. यादीत नसेल तर 'एडीव्ही नल अँटेना' असं रिकामं नाव चालतं, मग जी उंची येते ती अँटेनाच्या आतल्या विद्युत केंद्राच्या जवळची असते, आणि बेसवरपण तेच नाव ठेवलं की हिशोब जुळतो. अँटेना बदलली की सगळं नव्यानं.

रिपोर्टमधले अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात असतात, दशांशात आणताना आठ-नऊ स्थळं ठेवा. दशांशानंतरचा सातवा अंक म्हणजे साधारण १ सेंटीमीटर, एक्सेलनं सहावर गोल केलं की एका फटक्यात पाच सेंटीमीटरपर्यंत वाया. उंची रिपोर्टमध्ये 'एलिप्सॉइडल', म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, तीच टाकायची. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा सत्तरेक मीटरनं कमी दिसते, म्हणजे ४०० मीटर उंचीच्या गावात ३३० च्या आसपास आकडा आला तर घाबरून दुरुस्त करू नका, तो बरोबर आहे. गावाची नकाशातली उंची बेसला टाकली तर पूर्ण हिशोब सत्तर मीटरनं वर उचलला जातो आणि रोव्हरला फिक्स धरणंच अवघड होतं.

आणि भारताची जमीन स्वतः ईशान्येकडं वर्षाला पाचेक सेंटीमीटर सरकते. त्यामुळं पीपीपीचा आकडा त्या दिवसाचा असतो. म्हणून दरवर्षी बेसचा आकडा बदलत बसायचं का, तर नाही. एकदा ठरवलेला आकडा, त्याची चौकट आणि तारीख वहीत लिहा आणि तोच कायम ठेवा, बेस आणि रान दोन्ही सोबतच सरकतात. फरक तेव्हाच पडतो जेव्हा तुम्ही तुमचं काम कॉर्सच्या कामाला जोडता, कारण तिथली चौकट नाहीतर साल वेगळं असू शकतं. अशा वेळी तीन-चार पक्के बिंदू दोन्हीवर मोजायचे, फरक काढायचा आणि तो लावायचा.

आता रिसीव्हर 'फिक्स्ड' मोडला टाका, आकडे भरा, आणि सेटिंग फ्लॅश मेमरीत सेव्ह करा. मग मुद्दाम लाईट काढा, पाच मिनिटांनी लावा, आणि आकडे तेच आहेत का ते डोळ्यानं बघा. ही चाचणी केल्याशिवाय बेस कोणाला देऊ नका.

कुठले मेसेज पाठवायचे

आरटीसीएमचे, म्हणजे करेक्शन पाठवायच्या ठरलेल्या भाषेतले, एवढे पुरतात: १००५ बेसच्या जागेचा, दर दहा सेकंदाला. १०७७ जीपीएस, १०८७ रशियाचं ग्लोनास, १०९७ युरोपचं गॅलिलिओ, ११२७ चीनचं बेइदौ, हे दर सेकंदाला. १२३० ग्लोनासच्या फरकाचा आणि १०३३ अँटेना-रिसीव्हरच्या नावाचा, दर दहा सेकंदाला. नेट महाग असेल किंवा रेडिओनं पाठवायचं असेल तर ७ ऐवजी ४ नं संपणारे घ्या, १०७४, १०८४ असे, डेटा बराच कमी होतो आणि शेतीच्या कामात फरक जाणवत नाही. नेटवर महिन्याला दोन-तीन जीबी धरा.

रोव्हरपर्यंत पोचवायचं

इंटरनेटवर हे काम एनट्रिप नावाच्या पद्धतीनं चालतं, जर्मनीच्या बीकेजी या सरकारी नकाशा संस्थेनं ती काढली. बेस एका कास्टरला, म्हणजे मधल्या इंटरनेट सर्व्हरला, डेटा देतो, रोव्हर त्या कास्टरवरून उचलतो, पोर्ट बहुतेक २१०१, आणि तुमच्या बेसचं नाव म्हणजे माउंटपॉइंट. मोबाईल सिमवर आपल्याला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता, मिळत नाही, म्हणून घरातच कास्टर चालवायच्या नादाला लागू नका. सुरुवातीला आरटीके२गो सारखा फुकटचा कास्टर चालतो, तिथं युजरनेमला खरा ईमेल लागतो आणि चुकीच्या सेटिंगनं रोव्हर परत परत धडका मारत राहिला तर आयपी बंद होतो. कायमच्या कामाला मात्र मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरवर स्वतःचा छोटा कास्टर घ्या. फेब्रुवारी २०२१ च्या जिओस्पेशियल मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय माणसाला हे काम करायला परवानगीचा घोळ राहिला नाही, पण एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच ठेवायचा आणि इथंच प्रक्रिया करायचा असं त्यात आहे, आणि सर्व्हर जवळ असला की उशीरही कमी होतो.

नेट ग्रामपंचायतीच्या फायबरवरून मिळालं तर उत्तम, सोबत सिमचा राऊटर ठेवा. स्वस्तातलं जुनं २जी मॉड्यूल घेऊ नका, जिओला २जी नाहीच.

जिथं नेटच नाही तिथं लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यातला, ईटीए म्हणजे सरकारी मंजुरीचं प्रमाणपत्र असलेला. सपाट रानात चार-पाच किलोमीटर मिळतात, मधी ऊस उभा असला तर कमी. लोराचा वेग कमी म्हणून ४ वाले मेसेजच, आणि तेही जीपीएस, गॅलिलिओ, बेइदौ एवढेच.

तपासणी, आणि संध्याकाळचा त्रास

रोव्हरवर एसडब्ल्यू मॅप्ससारखं अ‍ॅप टाका, एनट्रिप जोडा. फिक्स मिळाला की करेक्शनचं वय बघा, दोन-तीन सेकंदांच्या आत पाहिजे. मग पक्क्या जागी, पुलाच्या कठड्यावर नाहीतर मैलाच्या दगडावर, खिळ्याची खूण करून मोजा, रोव्हर बंद करून परत चालू करा, परत मोजा. फिक्स दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही, चुकीच्या लहरींवरपण फिक्स लागतो, आणि तो ओळखायची हीच रीत आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री मोजा.

रात्री का, तर आपला पट्टा विषुववृत्ताजवळच्या आयनोस्फिअरच्या फुगवट्याखाली येतो. सूर्य मावळल्यानंतर मध्यरात्रीपर्यंत तिथं बुडबुडे तयार होतात, सिग्नल लुकलुकतो, एकाच वेळी पाच-सहा उपग्रह सुटतात आणि फिक्स फ्लोटवर येतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला हे सगळ्यात जास्त, जून-जुलैत आपल्याकडं बरंच कमी, आणि सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत कहर. म्हणजे खरिपाच्या सोयाबीन पेरणीला रात्री ट्रॅक्टर चालवला तर बहुतेक निभावतं, पण रब्बीची ज्वारी-हरभरा पेरणी नेमकी वाईट महिन्यांत येते आणि तेव्हाच वाफसा जाईल म्हणून लोक रात्रभर ट्रॅक्टर चालवतात. ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा की आठ वाजता फिक्स गेला तर अँटेना उपटून बघत बसू नको, बेस बरोबर आहे. लाईनी दिवसा पाडून घ्या. रोव्हरवर चारही नक्षत्रं, म्हणजे जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ आणि बेइदौ, चालू ठेवा, एल५ असेल तर तेपण, आणि अशा दिवसांत बेसपासून दहा किलोमीटरच्या आतच काम धरा.

नकाशाचं काम करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. मराठवाडा जवळजवळ सगळा यूटीएम या नकाशाच्या मीटरमधल्या पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतो, पण ७८ अंश रेखांशाच्या पुढं झोन बदलतो आणि किनवट त्या पलीकडं पडतं. नांदेड जिल्ह्याचं काम एका फाईलीत घेताना हे बघून घ्या.

वही

एक जाड वही बेसच्या डब्यातच ठेवा. त्यात आकडा, चौकट, तारीख, अँटेनाचं नाव, पीपीपीचे रिपोर्ट चिकटवलेले, आणि कोणी काय हात लावला त्याची नोंद. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर २४ तासांचा डेटा परत पीपीपीला टाकायचा. ईशान्येकडचा वर्षाचा सरकाव वजा करून जुन्या आकड्याशी सेंटीमीटर-दोनमध्ये जुळला तर काही करायचं नाही. त्याहून जास्त सरकला, विशेषतः उंचीत किंवा उलट्या दिशेला, तर आधी चेकनट आणि फास्टनर बघा, मग भिंतीच्या भेगा. आणि आकडा बदलावाच लागला तर त्या बेसवर चालणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला आणि ड्रोनवाल्याला त्याच दिवशी फोन करून नवा आकडा आणि फरक किती, कुठल्या दिशेला ते सांगा, म्हणजे ते आपल्या जुन्या लाईनी तेवढ्यानं सरकवून घेतील.